वडिलांवर लिहायला बसलं की दोनच ओळी सुचतात

वडील गेल्यावर वर्षश्राद्धाला वाचण्यासाठी त्यांच्यावर दोन पानं लिहायला बसलेली माणसं माझ्याकडे एकच घोर घेऊन येतात. "'प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख' याच्या पुढे काही सुचतच नाही. मी बाबांना ओळखत तरी होते का?" वडील तरुणपणीच परदेशी गेलेले असले की हे जास्त टोचतं. त्यांची पहिली वीस-पंचवीस वर्षं पाहिलेली माणसं एका गावात आणि मुलं दुसऱ्या देशात.

अशीच एक बाई नागपूरच्या महाल भागातल्या आत्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वडील इथल्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजातून (आताचं व्हीएनआयटी) इंजिनिअर होऊन १९६९ साली अमेरिकेला गेले. १९६५च्या स्थलांतर कायद्याने तिथला मूळ देशानुसार ठरलेला जुना कोटा उठला आणि त्यानंतर जी पोरं गेली, त्यांतलेच ते.

पहिल्या भेटीत तिने डिग्र्या, नोकऱ्या, घरांचे पत्ते सांगितले. मी म्हटलं, "हा बायोडाटा झाला. त्यांचं असं एखादं बोलणं सांगा, ज्याचा अर्थ तुम्हाला कधी लागलाच नाही."

ती हसली. "कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवताना ओरडायचे, 'घेऊन जा गे मारबत!' आम्हाला वाटायचं, मारबत म्हणजे कचऱ्याच्या गाडीवरची बाई."

मला अर्थ ठाऊक होता, कुठल्याही नागपूरकराला असतोच. तरी सांगितला नाही. "आत्यांना विचारा," एवढंच म्हटलं. तिथे गप्प राहिलो, हे बरं केलं असं आजही वाटतं.

विचारायचं कसं, हे मात्र नीट ठरवलं. "बाबांबद्दल सांगा ना" म्हटलं की म्हातारी माणसं "फार गुणी होता" म्हणून थांबतात. वस्तू हातात द्यावी, फोटो पुढे ठेवावा आणि बारीक प्रश्न विचारावा: स्टेशनवर पोचवायला कोण कोण आलं होतं? डब्यात काय बांधून दिलं? बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, जेवणानंतर नको, झोप येते. रेकॉर्डिंगला लावलेला फोन एअरप्लेन मोडवर हवा, नाहीतर ऐन गोष्टीत कॉल येतो. साल चुकलं तर मध्येच दुरुस्त करू नये. माणूस बिचकतो आणि पुढची गोष्ट अडते.

चौथ्या भेटीला ती विमानाने आलेली निळी पत्रं घेऊन आली. एका पत्रात वडिलांनी विचारलं होतं, "यंदा माडीवर कोण उभं होतं? मारबत आपल्या गल्लीवरून गेली का?" आत्यांनी तिला सांगितलं होतं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून आख्खं महाल ओरडून राहते. तुझा बाप सगळ्यांत मोठ्यानं ओरडे." मारबत म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा: १८८१ पासूनची काळी मारबत, पिवळी, सोबत बडग्यांचे पुतळे, आणि माडीवर उभा एक पोरगा.

पत्र मांडीवर ठेवून ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "म्हणजे ते आम्हाला रोज सांगत होते."

ती बाबांना ओळखत होती. फक्त संदर्भ नागपुरात राहिला होता. गेलेल्या माणसाला विसरून पुढे जायचं असतं, हे मला पटत नाही. नातं संपत नाही, त्याची बसायची जागा बदलते. त्या जागेसाठी कौतुकापेक्षा असं एखादं वाक्य जास्त उपयोगी पडतं. राग आला तर तोही लिहावा. आजी गेली तेव्हा बाबा आले नाहीत, हे तिने लिहिलं. मी खोडू दिलं नाही.

पत्रांचंही सांगतो. हा कागद पातळ, पाठीमागची शाई उमटते. स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवा, ३०० डीपीआय पुरे. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच, त्याचा डिंक पिवळा पडून कागद खातो. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं तर वळ उमटतात. मऊ पेन्सिल हलक्या हाताने. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात ओल धरते आणि गच्चीखालची लोखंडी पेटी आपल्या मे महिन्यात तापते. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं.

१९७२ ते ७४ मधलं एकही पत्र सापडलं नाही. तिथे अंदाजाने काही न भरता तिने तेवढंच लिहिलं: "या वर्षांचं ठाऊक नाही."

वर्षश्राद्धाला वाचलं ते कचऱ्याच्या पिशवीपासून सुरू होत होतं. मध्येच आत्या म्हणाल्या, "काळी नाही गं, पिवळीसाठी धावे तो." तिने पेन्सिल मागितली, शब्द बदलला आणि पुढे वाचू लागली.