‘ही गोळी म्हणजे दुसरी नशाच ना?’

आठवड्यातून एकदा तरी कुणाची आई, कुणाची बायको मला हे विचारतेच. गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ब्राउन शुगर, म्हणजे गर्दचं व्यसन सुटावं म्हणून उपचार केंद्रात नर्ससमोर, जिभेखाली ठेवून रोज घ्यायची.

लालबागच्या एका मावशींचं सांगते, ओळख बदलून. मुलगा सव्वीसचा. तीनदा भरती केला, तिन्ही वेळा घरी आल्यावर आठवड्याभरात पुन्हा गर्द. आता चार महिने गोळीवर होता, तरी मावशींचा एकच धोशा, ‘ही कधी सुटणार?’ दोन भेटी मी समजावलं. मेंदूत गर्द जिथे बसतो तिथेच ही गोळी बसते, पण तिचा जोर बेताचा. ठरल्या मात्रेत घेतली की टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, लागत नाही आणि गर्दसारखी तार, म्हणजे झिंग, येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. मावशींनी मान डोलावली आणि गौरी-गणपतीत ‘सोवळ्यात तरी नको’ म्हणून त्याला तीन दिवस केंद्रावर जाऊ दिलं नाही.

पुढच्या भेटीत मी समजावणं सोडलं. विचारलं, ‘त्या तीन दिवसांत घरात काय काय झालं?’

‘दुसऱ्या रात्रीपासून टर्की. हातपाय ओढायचे, नाकाडोळ्यांतून पाणी. मी कपाटाची चावी परत कमरेला खोचली.’

‘परत?’

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मग म्हणाल्या, ‘हो की. इतके दिवस फ्रिजवरच पडून असायची.’

माझ्या दोन भेटींच्या बोलण्याने जे झालं नाही, ते त्यांच्याच तोंडच्या एका शब्दाने झालं. माणूस दुसऱ्याचं ऐकून बदलत नाही, स्वतःचं ऐकून बदलतो, यावर माझा ठाम विश्वास आहे.

घरच्यांना कळकळीने सांगते, गोळी मनाने बंद करू नका. सगळं एकदम तोडलं की शरीराची सवय उतरते. मग माणूस जुन्याच मापाने गर्द घेतो आणि त्याचा श्वास थांबू शकतो. म्हणूनच चौथ्यांदा नुसतं भरती करण्याची मला भीती वाटते. गोळीसोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्याही नकोत. अनेकांना हे औषध वर्षानुवर्षं लागतं. कमी करायचं तर डॉक्टर थोडंथोडं करतील. कुठे जावं कळत नसेल, तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

निघताना मावशींनी विचारलं होतं, ‘शेजारीण विचारते, रोज सकाळी कुठे जातो. काय सांगू?’

मी म्हटलं, ‘तुम्हाला काय सांगावंसं वाटतं?’

पुढच्या खेपेला आल्या त्या सांगतच, ‘म्हटलं तिला, औषधाला जातो. तिथून कामावर.’