बोटीवर चढायचा हुक आणि शिरोलीची भट्टी

प्रश्न : काका, शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. पंपाचे इम्पेलर, व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो. नौदल आणि तटरक्षक दल समुद्रात ड्रग्जच्या बोटी पकडतात, त्यांना लागणारं साहित्य पुरवावं असं मनात आहे. एक एजंट 'डिफेन्स व्हेंडर' करून देतो म्हणून दोन लाख मागतोय. ड्रग्ज ओळखणाऱ्या स्कॅनरची एजन्सी पण घ्या म्हणतो. काय करू?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : दोन लाख आधी परत खिशात घाला. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी फुकट होते, आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून तुमचं नाव तुम्हालाच घालता येतं. केंद्राच्या खात्यांनी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी असं धोरण आहे. त्यात एजंटाचा वाटा कुठं लिहिलेला मला तरी दिसला नाही.

स्कॅनरचं सांगतो. असा एक स्कॅनर म्हणजे रामन स्पेक्ट्रोमीटर, लेसर टाकून पदार्थ ओळखणारा. तो हातात मावतो, पारदर्शक पिशवी न फोडता आतली पावडर ओळखतो. पण तपकिरी हेरॉइनपुढं तो गडबडतो, लेसर पडला की पावडरच उजळते आणि खूण बुडून जाते. असं यंत्र विकलंत की त्याची दुरुस्ती जन्मभर तुमच्या गळ्यात. तुम्ही ओतारी माणूस, ओतण्यातलंच बघा.

डॉकयार्डात आलेला माल तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. संशयित बोटीवर चढताना लांब खांबाच्या टोकाला हुक असतो, हुकाला तारेची शिडी. खाली रबरी बोट लाटेवर नाचतेय, हुक कठड्यात अडकला की जवान पाठीवर हत्यार घेऊन वर. सगळा भार त्या वीतभर लोखंडावर. एकदा असे हुक आले, आरशासारखे पॉलिश केलेले. गंज तपासायला मिठाच्या फवाऱ्यात ठेवले, ५ टक्के मीठ, ३५ अंश. चौथ्या दिवशी पिनेभोवती चहाच्या रंगाचा ओघळ! बॉडी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची, पिन मात्र साध्या एमएसची, म्हणजे गंजणाऱ्या माइल्ड स्टीलची. पन्नास रुपये वाचवायला अख्खा लॉट परत गेला. तेव्हा सीएफ८एम, म्हणजे ३१६ चाच ओतीव प्रकार, ओता, पिन सुद्धा ३१६ चीच घाला.

दुसरी वस्तू कुणाच्या डोक्यात येत नाही. मार्च २०२५ मध्ये 'आयएनएस तर्कश'नं पश्चिम हिंदी महासागरात २,५०० किलोवर अमली पदार्थ पकडले, पेपरात बंदुकांचे फोटो. पण बोट ताब्यात आल्यावर खरी मेहनत उघडण्याची असते : माशांचे कप्पे, खोट्या भिंती, इंधनाच्या टाक्या. पेट्रोलच्या वाफेत पोलादी पाना घसरला आणि ठिणगी उडाली तर? तिथं सहसा ठिणगी न पाडणारे ॲल्युमिनियम ब्राँझचे पाने, छिन्न्या लागतात. ब्राँझ तुमच्या हातातलं काम आहे की! एकच सांभाळा. ज्या ग्राइंडिंग व्हीलनं लोखंड घासलंय ते ब्राँझला लावू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पान्याचा मूळ गुणच जातो. व्हील वेगळं ठेवा, लाल रंग मारून. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही शिस्त पाळणारे कमी, तुम्हाला राग आला तरी लिहितो.

हीट नंबर, म्हणजे नग कुठल्या वितळीतला ते सांगणारा क्रमांक, ओततानाच नगावर उठवा, मागून पंच मारलेला तपासनीसाला आवडत नाही. निविदेत जेएसएस ५५५५५, म्हणजे सैन्यदलांचं हवामान-चाचण्यांचं मानक, लिहिलेलं दिसलं तर चाचणीचा खर्च दरात आधीच धरा, नंतर बोंब मारून उपयोग नाही.

दोन पाने ओता, मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवा आणि फोटो पाठवा. तोवर एजंटाचा फोन उचलू नका.