‘नागरिक पत्रकारिता’ की वर्दी नि वर्गणी?

पत्रकारिता शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलंय की वाचकांना सोबत घेऊन पेपरवाले बातमी तयार करतात त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं, वर्गात ‘नागरिक पत्रकारिता’ लिहून दिलंय खरं ते मनाला पटत नाही. (हे मधलं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, आमचं बेळगावी आहे, पुण्याच्या लोकांनी अडखळू नये.)

न पटणं बरोबरच आहे की. नागरिक पत्रकारितेत बातमी लिहितो तोच नागरिक असतो. दक्षिण कोरियात ओह यॉन-हो यांनी २००० साली ‘ओमायन्यूज’ हे बातम्यांचं संकेतस्थळ काढलं ते ७२७ नागरिक वार्ताहर घेऊन, प्रत्येक नागरिक हा बातमीदार असं त्यांचं म्हणणंच होतं, तिथं हा शब्द चपखल बसतो. खरं बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं म्हणून वडगावचा एखादा शेतकरी मोबाईलवर फोटो काढून पेपरवाल्याला व्हॉट्सअॅप करतो, तो काय पत्रकार झाला काय? त्यानं नुसतं कळवलं. पुढं पाणी का तुंबलं, किती एकर भात गेलं, अधिकारी काय म्हणतात हे हुडकायचं काम दुसऱ्याचंच.

ह्या कळवण्याला आपल्याकडं आयता शब्द पडलाय, वर्दी. ‘आगीची वर्दी मिळताच बंब आला’, ‘पोलिसांना वर्दी दिली’ हे आपण रोज वाचतो. आता हिंदी सिनेमा बघून पोरांना वर्दी म्हटलं की खाकी कपडेच दिसतात त्याला इलाज नाही. आणि गंमत बघा, कन्नडमध्ये ‘वरदी’ म्हणजे पूर्ण रिपोर्ट, आणि ‘वरदिगार’ म्हणजे रिपोर्टर! म्हणजे तोच शब्द मराठीत बातमीच्या उंबऱ्यावर उभा आहे आणि कन्नडमध्ये पार छापून आलेला. दोन्ही पेपर वाचणाऱ्या आमच्या घरात म्हणून वर्दी म्हटलं की आधी कुठल्या भाषेतली ते विचारावं लागतं. मला मराठीतलाच अर्थ इथं कामाचा वाटतो, कारण वर्दी म्हणजे अजून न तपासलेलं, कुणीतरी पहिल्यांदा सांगितलेलं, आणि पुढचं हुडकायची जबाबदारी ती देणाऱ्यावर येत नाही. अशा माणसाला ‘वर्दीदार’ म्हणा, बातमीदाराच्या शेजारी शोभतो.

‘वार्ताहर’ का नको असं कुणी म्हणेल. वार्ता आणणारा तो वार्ताहर, अर्थानं बसतो, खरं वापरात तो शब्द गावोगावच्या बिनपगारी नायतर अर्ध्या पगारी प्रतिनिधीला कधीच देऊन झालाय. (मास्तर, किराणा दुकानदार, सोसायटीचा सेक्रेटरी, आमच्या तालुक्यातनं बातम्या अशाच लोकांनी पाठवल्या, म्हणजे वाचकाला सोबत घेणं हे काय आभाळातनं पडलेलं नाही.)

आता दुसरा प्रकार, तो वर्दीत मावत नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाचा घोळ बाहेर आला, तेव्हा ‘गार्डियन’ ह्या तिथल्या पेपरानं बिलांची साडेचार लाखांवर पानं ऑनलाइन टाकली आणि वाचकांनाच म्हणाले वाचा, आणि प्रत्येक पानावर सांगा की ह्यात काही आहे, काही नाही, का नीट चौकशी करायला पाहिजे. वीस हजारांवर लोक बसले वाचायला! ह्याला ‘क्राउडसोर्सिंग’ म्हणतात आणि मराठीत कुणी ‘जनस्रोत’ असलं काहीतरी करतात, जे ऐकून नळाला पाणी आल्यासारखं वाटतं. मी सरळ ‘माहितीची वर्गणी’ म्हणेन. गल्लीतला गणपती वर्गणीवर होतो, कुणी अकरा रुपये कुणी पाच हजार, एकाच्या खिशाला न झेपणारं काम सगळ्यांनी थोडं थोडं उचलायचं, तेच इथं. आणि वर्गणी म्हटलं की पावती आली, शेवटी जमाखर्च फळ्यावर लावणं आलं. वाचकाकडनं माहिती घ्यायची आणि पुढं तिचं काय झालं ते सांगायचंच नाही, असं करणाऱ्या पेपराला ह्या एका शब्दानं कोंडीत पकडता येतं. ‘सहभाग’ ह्या शब्दाला ती सोय नाही, सहभाग काय, टाळ्या वाजवल्या तरी होतो.

तिसरा प्रकार म्हणजे विषयच वाचकांनी सुचवायचा. शिकागोच्या डब्ल्यूबीईझेड रेडिओनं २०१२ मध्ये ‘क्युरियस सिटी’ सुरू केलं, त्यात श्रोते शहराबद्दल प्रश्न विचारतात, कुठल्या प्रश्नामागं लागायचं त्यावर मतं घेतात, आणि विचारणाऱ्याला कधी कधी पत्रकारासोबत उत्तर हुडकायला घेऊन पण जातात. ह्याला ‘वाचकांची विचारणा’ पुरे, उगीच नवीन शब्द घडवत बसू नये.

सगळ्याला मिळून एकच नाव पाहिजेच असेल तर ‘वाचकसहभागी पत्रकारिता’ लिही, रेडिओ-टीव्ही असेल तर ‘लोकसहभागी’. खरं त्याच्या खाली वर्दी, वर्गणी का विचारणा ते तेवढं लिही, कारण वाचक बातमीत कुठल्या दारानं आत आला ते मोठ्या नावातनं कळत नाही.