जागेवर जाऊन घेतलेलं रीडिंग

कोल्हापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ऑपरेटर म्हणून लागलास, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. मळीचा वास तुला नवा नाही. लॉगशीट, म्हणजे दर तासाचे आकडे लिहायचा कागद, मात्र नवी आहे, म्हणून लिहितोय.

दर तासाचं रीडिंग जागेवर जाऊनच घे. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षाला असताना रात्रपाळीत, पहाटे तीनला, थंडीचा कंटाळा करून मागच्या तासाचंच 33 अंश उतरवलं होतं. फर्मेंटर, म्हणजे मळी आंबवायची टाकी, गार ठेवणारा प्लेट हीट एक्स्चेंजर तेव्हा गाळानं चोंदला होता. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करताना उष्णता सोडतं, आणि ती काढून घेतली नाही तर त्याच उष्णतेनं मरतं. सकाळी सातच्या पाळीला काटा 39 वर होता. बॅच गेली. पुढच्या माणसानं खरा आकडा माझ्या 33 च्या खालीच लिहिला. ते पान अजून डोळ्यांपुढं आहे.

रीडिंग लिहिताना वरच्या ओळीही वाच. भोपाळला 2 डिसेंबर 1984 च्या रात्री 10:20 ला एमआयसीच्या, म्हणजे पुढं गळती होऊन हजारोंचा जीव घेणाऱ्या त्या विषारी रसायनाच्या, टाकीचा दाब 2 पीएसआय (दाबाचं माप) होता. मग पाळी बदलली. 11 ला तो 10 झाला. 10 नेहमीच्या मर्यादेतच बसत होता, म्हणून नव्या पाळीच्या कामगाराला खटकला नाही; पण चाळीस मिनिटांत पाचपट वाढला होता. मी त्या कामगाराला दोष देत नाही, टाकीचं रेफ्रिजरेशन तर कितीतरी आधीपासून बंद ठेवलेलं होतं. तरी पाळी घेताना आधीच्या माणसाला विचारत जा : काय वाढतंय, काय बंद आहे, कुठला व्हॉल्व्ह हातानं फिरवलाय? तो घाईत असला तरी गेटबाहेर सोडू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फर्मेंटर रिकामा झाला म्हणजे आत हवा आहे असं नसतं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाशी साचून राहतो. दिसत नाही. मॅनहोलपाशी, म्हणजे वरच्या तोंडाशी, ऑक्सिजनचा मीटर चांगला आकडा दाखवेल, म्हणून त्याचा प्रोब दोरीनं तळापर्यंत सोड. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही, साहेब म्हणाले तरी. आत उतरायचं परमिट सहीचं हवं, हवा मारणारा ब्लोअर चालू हवा, बाहेर एक माणूस उभा हवा. आणि आत कुणी पडलाच, अगदी जिवाभावाचा दोस्त असला, तरी श्वासाचा सेट (स्वतःची हवा देणारा मुखवटा) लावल्याशिवाय मागोमाग उडी मारू नकोस. आधी ओरड, सायरन दे. वाचवायला गेलेलेच अशा टाक्यांत जास्त गेलेत रे.

बाकी पंप, कॉलम, स्टीमची कामं हळूहळू अंगवळणी पडतील.

येत्या सुट्टीला घरी ये. येताना खिशातली वही आण. तुझ्या प्लांटची प्रत्येक लाईन कुठून कुठं जाते ते आपण दोघं कागदावर काढू.

तुझा,
काका