'बंगालच्या उपसागरात नोटॅम जारी' अशा बातम्या येतात. तो मूळ नोटॅम वाचायचा कसा?

बातमीवर न थांबता तुम्ही मूळ कागद उघडून बघितलात, हे फार चांगलं केलंत. मी फ्लाइट डिस्पॅचचं, म्हणजे विमानाच्या उड्डाणाची आधी आखणी करण्याचं काम करतो. ड्यूटीवर बसलं की आधी हवामान आणि नोटॅम, मग बाकी सगळं. थोडा सराव केला तर कुणालाही नोटॅम वाचता येतो.

नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी काढलेली, ठरावीक मुदतीची सूचना. धावपट्टी बंद आहे, दिवे नादुरुस्त आहेत, विमानतळाजवळ क्रेन उभी केली आहे, अमुक भागात क्षेपणास्त्राची चाचणी आहे, असं काहीही त्यात असतं. भारतात ते एअरपोर्ट्स ऑथॉरिटी काढते. सगळी कॅपिटल अक्षरं आणि तोडलेले शब्द हा टेलिप्रिंटरच्या जमान्याचा वारसा आहे.

नोटॅममधली माहिती क्यू) आणि ए) ते जी) अशा अक्षरांच्या रकान्यांत विभागलेली असते. नवखा माणूस थेट ई) या रकान्याकडे जातो, कारण मजकूर तिथे असतो. माझं सांगणं असं की आधी ए), बी), सी) आणि डी) बघा. ए) म्हणजे ठिकाण, बी) म्हणजे सुरुवात, सी) म्हणजे शेवट. मुंबई विमानतळाचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यानंतरच्या देखभालीसाठी १७ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या दोन्ही धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. नोटॅमच्या पद्धतीने सुरुवातीची वेळ लिहिली की होते २४१०१७०५३०: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटं. शेवटचे चार आकडे ०५३०, पण धावपट्टी बंद होते ११ वाजता. कारण नोटॅममधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, जिला आम्ही झुलू म्हणतो. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे.

या साडेपाच तासांनी तारीखही बदलते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आणि आपण त्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. पुढे दर महिन्याला मुदत वाढत गेली, तेव्हा कुणी '२३ तारखेपर्यंत' लिहायचं, कुणी '२४ तारखेपर्यंत'. दोघांचंही बरोबर होतं. २३ तारखेचे २३५९ झुलू म्हणजे आपल्याकडे २४ तारखेच्या पहाटेचे ५.२९.

डी) रकाना नेहमी नसतो, पण असला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा. बी) आणि सी) बघून वाटतं की धावपट्टी तीन महिने सलग बंद. डी) मध्ये मात्र लिहिलेलं असतं की फक्त सोमवारी, १९०० ते २३००. हा सोमवारसुद्धा झुलूचा. आपल्या घड्याळात तो मंगळवार, रात्री साडेबारा ते पहाटे साडेचार.

आता सगळ्यात वरची, बघूनच घाबरवणारी क्यू) ओळ. ती मुख्यतः संगणकाने नोटॅम निवडावेत म्हणून असते. सुरुवातीला हवाई क्षेत्राचा कोड: मुंबईचा व्हीएबीएफ, चेन्नईचा व्हीओएमएफ, कोलकात्याचा व्हीईसीएफ. मग क्यूने सुरू होणारा पाच अक्षरी संकेत. त्यातली दुसरी-तिसरी अक्षरं विषय सांगतात, चौथी-पाचवी त्याची अवस्था. क्यू-एम-आर-एल-सी असेल तर एमआर म्हणजे धावपट्टी, एलसी म्हणजे बंद. एमएक्स टॅक्सीवे (धावपट्टीकडे ये-जा करायचा विमानांचा रस्ता), आरडी धोक्याचं क्षेत्र, ओबी अडथळा. एएस म्हणजे नादुरुस्त, सीए म्हणजे सक्रिय. एवढ्यावर बरंच भागतं. ओळीच्या शेवटी मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश आणि सागरी मैलांत त्रिज्या असते.

तुमचा प्रश्न बंगालच्या उपसागरातला, म्हणून हे नीट सांगतो. अशा नोटॅममध्ये बंद भागाचे कोपरे ई) मध्ये एकेक करून दिलेले असतात. ते नकाशावर टाकताना लोक १९०५ ला १९.०५ अंश समजतात. ते १९ अंश ५ मिनिटं असतं, म्हणजे १९.०८३. एवढ्याने बिंदू साडेतीन किलोमीटरहून जास्त सरकतो. खाली एफ) आणि जी) मध्ये उंचीची मर्यादा असते: एसएफसी म्हणजे जमिनीपासून किंवा समुद्रसपाटीपासून, यूएनएल म्हणजे वर मर्यादा नाही. आणि एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते: कोणतं क्षेपणास्त्र, ते नोटॅम सांगत नाही. बंद भागाच्या पट्ट्याची लांबी मोजून वाहिन्या नाव ठरवतात, तो त्यांचा अंदाज असतो. नोटॅम फक्त एवढंच सांगतो की या वेळेत या भागात विमान नेऊ नका.

इतकं बारकाईने वाचायचं कशाला, असं वाटेल. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान २८ उजवी या धावपट्टीवर उतरायला येत होतं. शेजारची २८ डावी बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना दोन धावपट्ट्या अपेक्षित होत्या, म्हणून दिसलेल्या पट्ट्यांपैकी उजवीकडची त्यांनी आपली धरली. तो टॅक्सीवे होता आणि त्यावर चार विमानं उड्डाणासाठी रांगेत उभी होती. विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली येऊन वर गेलं. धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना उड्डाणाआधी मिळालेल्या २७ पानांच्या ब्रीफिंगमध्ये, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यात, आठव्या पानावर होती. म्हणून आमच्याकडे गठ्ठ्यातल्या कामाच्या नोटॅमवर खूण करून वैमानिकांना ते वेगळे सांगितले जातात. निरुपयोगी नोटॅमांचा हा ढीग कमी व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

शेवटचं, नंबराबद्दल. प्रत्येक नोटॅमला ए०१२३/२५ अशा धर्तीचा क्रमांक असतो. पुढे नोटॅमएन लिहिलं असेल तर तो नवा, नोटॅमआर असेल तर जुन्याच्या जागी आलेला, नोटॅमसी म्हणजे जुना रद्द. सी) मध्ये वेळेपुढे ईएसटी दिसलं तर ती अंदाजे मुदत, तो आपोआप संपत नाही, बदलावा किंवा रद्द करावा लागतो. स्क्रीनशॉट हाती आला की आधी हा क्रमांक एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या एआयएम इंडिया संकेतस्थळावर शोधा. चाचण्यांच्या नोटॅममध्ये तारखा आणि कोपरे नंतर बदललेले बरेचदा दिसतात, आणि तोवर जुनाच फोटो सगळीकडे फिरत असतो.