1967 ची एमजीबी: पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून क्रँककेसची नळी उघडी सोडली तर चालेल का?

सोडू नका. (एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार; पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणजे क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीतला, गॅस बाहेर ओढू देणारी झडप.) तुम्ही लिहिलंय की आयडलिंगला गाडी थरथरते, बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाखाली) तेलाचे थेंब पडतात आणि मेकॅनिकने व्हॉल्व्ह फेकून द्यायला सांगितलंय. माझ्या 1966 च्या एमजीबीलाही हाच स्मिथ्स कंपनीचा व्हॉल्व्ह आहे. फेकण्याआधी तो एकदा उघडून बघा.

पिस्टन रिंगच्या कडेने थोडा गॅस क्रँककेसमध्ये उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. त्याला वाट मिळाली नाही की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येतं. 1962 च्या पहिल्या एमजीबीला उघडी नळीच होती. गाडी पळत असली की खालचा वारा हा गॅस आणि तेलाची वाफ ओढायचा, सिग्नलला थांबली की ओढ संपली. 1964 मध्ये हा व्हॉल्व्ह आला आणि ती वाफ मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरला हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ओढली जाऊन इंजिनातच जळू लागली.

आता तपासणी. इंजिन गरम करा, आयडलिंगवर ठेवा आणि रॉकर कव्हरवरचं तेलाचं टोपण काढा. व्हॉल्व्ह ठीक असेल तर आरपीएम साधारण 200 ने वाढतात, कानाला कळतं. काहीच बदललं नाही तर व्हॉल्व्हच्या वरची स्प्रिंग क्लिप काढून आतला डायफ्राम (रबरी पडदा) उजेडात धरा. बारीक चीर असली तरी तिथून हवा शिरते. तुमची थरथर बहुधा तीच. रबर स्पिरिटने पुसा, पेट्रोलने नको. इंजिनाच्या बाजूला, पुढच्या टॅपेट कव्हरवर, व्हॉल्व्हची नळी जिथून निघते त्या डब्यात तारेची जाळी असते, ती काजळलेल्या तेलाने बुजते. तो डबा रॉकेलमध्ये भिजवून धुवा. हे काम सगळे टाळतात, पण वाटच बंद असेल तर व्हॉल्व्ह नवा घालूनही काय होणार?

टोपणही बघा. मूळ टोपणात हवा आत घेणारा छोटा फिल्टर असतो आणि ते 12,000 मैलांना बदलायचं असतं. हौसेने चकचकीत बंद टोपण बसवलं असेल तर ताजी हवा आत येत नाही, ओल तेलातच राहते आणि कव्हरच्या आत पिवळट साय धरते.

व्हॉल्व्ह खरंच गेला असेल तर नंतरच्या गाड्यांचे एचएस 4 कार्ब्युरेटर शोधा, ज्यांच्या अंगावरच ब्रीदरची (क्रँककेसच्या नळीची) तोटी आहे. कार्ब्युरेटरचा पिस्टन आणि बटरफ्लाय (थ्रॉटलची चकती) यांच्यामधली ओढ सौम्य आणि जवळपास स्थिर असते, त्यामुळे व्हॉल्व्हची गरजच उरत नाही. मला ही सर्वांत निर्धास्त व्यवस्था वाटते. कॅच टँक (नळीच्या टोकाला लावलेला वेगळा डबा) शर्यतीच्या गाडीला ठीक; तो वाफ साठवतो, ओढत नाही, आणि केबिनमध्ये वास येतो.

पण पैसे घालण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली आला, तर रिंगा गेल्या असण्याची शक्यता आहे. टेस्टचे आकडे इथे लिहा, मग पुढचं बघू.