नागपुरातल्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी का असते?

ही पाटी म्हणजे दारूबंदीचा वारसा. गंमत बघा, आपल्याकडे दारू विकायचा परवाना मिळतो तो १९४९च्या दारूबंदी कायद्याखालीच! त्यातही हा कायदा मूळचा मुंबईचा. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात. इथे १९१५चा अबकारी कायदा चालायचा. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९५९च्या दुरुस्तीने मुंबईचा दारूबंदी कायदा आपल्यालाही लागू झाला. त्यानुसार पिणाऱ्यालाही परमिट लागतं, आजसुद्धा; म्हणून परमिटवाल्यांनी बसून प्यायची जागा ती ‘परमिट रूम’. (विचारतं कोण, ते सोडा.) बारवाल्याचा परवाना वेगळा, एफएल-३, देशीच्या दुकानाचा सीएल-३. देखरेख राज्य उत्पादन शुल्क खात्याची, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘अबकारीवाले’. बुटीबोरी ओलांडून वर्धा जिल्ह्यात शिरलात की पाट्या संपतात. तिथे १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे.